सदतिसावं लुगडं

शेजारच्या गोपाळरावांकडे येणारं साप्ताहिक गंगाधरपंत मंद्रूपकर दुसऱ्या दिवशी वाचत. बातम्या एक दिवस शिळ्या होत, पण फुकट होत. गोपाळराव रिटायर झालेले हेडमास्तर. ते वाचताना चुकीच्या शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा मारून ठेवत, त्यामुळे पंतांना मजकूर तपासून आल्याचं समाधानही मिळे. सन चौतीसच्या संक्रांतीला पंत असेच ओट्यावर तिळाचा लाडू फोडत बसले असताना शेवटच्या पानावरच्या एका चौकटीने त्यांना धरून ठेवलं. त्या चौकटीत एकही तांबडी रेघ नव्हती.

"सुवासिनींस आनंदाची वार्ता! 'इंद्रसभा' लुगडे! मोरपंखी रंग, पदरावर मोरांची रांग. कसबी कारागिरांकडून खास विणवून घेतलेले फक्त दोनशे नग. बाजारात विक्री नाही. आगाऊ नोंदणी करणारासच चार आठवड्यांत घरपोच मिळेल. मागाहून हळहळ करू नये. सौभाग्यविलास वस्त्र मंडळी, मुंबई."

त्यातल्या 'मागाहून हळहळ करू नये' या वाक्याने पंतांचा घात केला. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात नाझराच्या हाताखाली अठरा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला मुदतीची भाषा लगेच कळते. मुदत टळली की हक्क बुडाला, हे तर त्यांच्या अंगी भिनलेलं. शिवाय या वेळी लुगडं पाहिजे होतं, आणि तेही कसंबसं चालणारं नव्हतं.

त्याचं असं होतं, की पंतांच्या बायकोच्या, रुक्मिणीबाईंच्या, लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि या चौदा वर्षांत त्यांनी एकही लुगडं स्वतः निवडलं नव्हतं. आहेरात येई ते नेसायचं. आहेर करणाऱ्या मंडळींचं आपसांत काय ठरलं होतं देव जाणे, पण येई ते जांभळं. ट्रंकेत सात लुगडी होती, सातही जांभळी. करकंबच्या भावजय मथुराबाई दर कार्यात भेटल्या, की नणंदेचा पदर दोन बोटांत धरून विचारत, "वन्सं, हे आमच्या बापूच्या मुंजीतलं ना?" त्यांना माहीत असे. तरी विचारत. आता फाल्गुनात त्याच मथुराबाईंच्या लेकीचं लग्न होतं, आणि रुक्मिणीबाई सख्खी आत्या. सख्ख्या आत्याला मांडवात लपायला जागा नसते. परवाच ट्रंक आवरताना त्या सहज म्हणाल्या होत्या, "जाऊ आपण. मी आपली मागच्या बाजूला बसेन." पंतांना ते लागलं. त्या रात्री जेवण गेलं नाही, असं मी लिहिलं असतं. पण जेवण गेलं. फक्त ताकाचा भात मागायचं ते विसरले.

"या लग्नात तू नवंकोरं लुगडं नेसशील," चौकट दाखवून पंत म्हणाले. "तुझं म्हणून घेतलेलं. माझा शब्द आहे."

रुक्मिणीबाईंनी जाहिरात वाचली. "आपल्याकडे दुकानं आहेत की हो. हाताला लावून, उजेडात बघून घेऊ."

"दुकानातलं कोणालाही मिळतं," पंत म्हणाले. "हे नोंदणीवाल्यालाच मिळणार."

गोपाळरावांना हे कळायला भिंतीपलीकडे कान लावावा लागला नाही. भिंत तेवढी जाड नव्हती. ते पंचा सावरत आले. "पंत, न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आधी द्यायचे? अहो, मंडईत आपण वांगंसुद्धा उलटंपालटं करून घेतो!"

"वांग्याची पावती मिळते का?" पंतांनी विचारलं.

याचं उत्तर गोपाळरावांना आठ दिवसांनी सुचलं, पण तोवर मनिऑर्डर गेली होती आणि पावती आलीही होती. गुलाबी कागद, वर कमळात उभी लक्ष्मी, खाली गोल शिक्का, आणि मधे शाईने घातलेला क्रमांक: सदतीस. पंतांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. कचेरीत नाझरसाहेबांना दाखवली, सात रस्ता चौकात टांग्याची वाट बघताना एका अनोळखी गृहस्थालाही दाखवली. त्या गृहस्थाने ती वाचून "वा" म्हटलं आणि तो चालत निघून गेला.

आता लुगडं म्हटलं की चोळी आली. लुगडं आल्यावर चोळी शिवायला वेळ कुठून मिळणार? तेव्हा चोळीही आगाऊ शिवायची ठरली. पण मोरपंखी म्हणजे निळा की हिरवा? रुक्मिणीबाई निळा म्हणाल्या. पंत हिरवा म्हणाले. गोपाळरावांना पंच नेमलं. ते तास घेतल्यासारखे पाऊण तास बोलले आणि शेवटी म्हणाले, की मोर फिरेल तसा रंग फिरतो. मग एक निळ्या खणाची आणि एक हिरव्या खणाची, अशा दोन चोळ्या झाल्या. गल्लीतल्या बायका त्या बघून गेल्या. "लुगडं आलं की हळदीकुंकू करा हं," असं चौघींनी सांगितलं आणि पाचवीने तर चैत्रातल्या आपल्या बहिणीच्या डोहाळजेवणासाठी ते एक दिवस नेसायला मागून ठेवलं. रुक्मिणीबाई हो म्हणाल्या. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं गोपाळराव ओट्यावरून मोठ्याने म्हणाले. वास्तविक या नवराबायकोत मारामारी सोडा, भांडणसुद्धा नव्हतं.

चार आठवडे झाले. मग पाच झाले. रोज अकराच्या सुमाराला पोस्टमन गुरप्पा दिसला, की रुक्मिणीबाई हात पुसत दारात येत.

"पार्सल न्हाई की हो बाई," गुरप्पा लांबूनच ओरडे. "कार्ड हाय."

कार्डावर तीच कमळातली लक्ष्मी आणि "अपूर्व मागणीमुळे किंचित विलंब होत आहे, आपला क्रमांक सुरक्षित आहे" असा छापील मजकूर. अशी तीन कार्डं आली. पंतांनी पहिल्याला नम्र उत्तर पाठवलं, दुसऱ्याला कडक आणि तिसऱ्याला कोर्टाच्या भाषेत 'कळावे, न कळल्यास कळविण्यात येईल' असं. लग्नाला बारा दिवस उरले. रुक्मिणीबाईंनी एक दिवस सातांतलं एक जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलं, एवढंच. पंतांनी ते दोरीवर बघितलं आणि ते कचेरीला दहा मिनिटं आधीच निघून गेले.

त्याच दुपारी गुरप्पा कचेरीत टपाल घेऊन आला, त्याने चौथं कार्ड पंतांच्याच हातात दिलं आणि तो म्हणाला, "ह्या लक्ष्मीची कार्डं मी दोनच घरी देतो बगा. एक तुमाला, आनि एक तिकडं साखर पेठंत, नरसय्या म्हनून हाय, त्याला. त्योबी तुमच्यावानीच वाचून कपाळाला हात लावतोय."

पंतांना एकदम बळ आलं. म्हणजे आपण एकटे नव्हतो! सोलापुरात आणखी एक फसलेलं गिऱ्हाईक होतं. दोघांनी मिळून नोटीस दिली, तर मुंबईवाले ताळ्यावर येतील. त्यांनी कोट चढवला, काळी टोपी घातली, पावती खिशात आहे ना हे चाचपलं आणि ते साखर पेठेत गेले.

नरसय्या पन्नाशीचा, बारीक अंगाचा तेलुगू माणूस होता. काळा कोट आणि काळी टोपी दारात बघून तो उठून उभा राहिला. "या पंतुलू, कूर्चोंडी. बसा, बसा."

"सौभाग्यविलासवाल्यांनी तुम्हालाही अडकवलंय म्हणे?" पंत बसत म्हणाले.

"अडकलो की पंतुलू. दोन म्हैना झालं."

"किती लुगडी?"

"दोनशे."

पंतांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "घरात बायकामाणसं किती?"

"बायको हाय, आई हाय, दोन सुना हाईत."

"चौघी. म्हणजे माणशी पन्नास," पंत म्हणाले. एका लुगड्यासाठी आपण दीड महिना झुरतोय, आणि हा माणूस! "अहो, पण इतकी कशाला घेतलीत?"

"पोटाला, पंतुलू."

हे उत्तर पंतांच्या डोक्यावरून गेलं, पण दुःखी माणसाला फार खोदू नये म्हणून त्यांनी मुद्द्याला हात घातला. "हे पाहा, घाबरू नका. माल मुदतीत दिला नाही म्हणून आपण रीतसर नोटीस काढू. मी कोर्टातलाच आहे."

नरसय्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने हात जोडले. "नोटीस नको, पंतुलू! देतो की माल! सा माग हाईत, साही चालू हाईत. सूतच उशिरा आलं, त्याला म्या काय करू?"

तेव्हा कुठे पंतांना आतून येणारा खटखट आवाज ऐकू आला. तो आवाज मघापासूनच येत होता. सोलापूरच्या माणसाला तो वेगळा ऐकू येत नाही, एवढंच. त्यांनी उठून आत डोकावलं. समोरच्याच मागावर एक लुगडं चढलेलं होतं. त्याचा रंग दाराकडून निळा दिसत होता, आणि दोन पावलं पुढे गेल्यावर हिरवा दिसायला लागला.

पंत खाली बसले. या खेपेला बसा म्हणायला कोणी नव्हतं.

ज्याच्यासाठी मुंबईला मनिऑर्डर केली, तीन पत्रं लिहिली, ते लुगडं आपल्या घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर विणलं जात होतं. ते इथून मुंबईला जायचं, तिथे त्याला 'इंद्रसभा' असा कागदी छाप चिकटायचा आणि पुन्हा इथे यायचं. सोलापुरात राहून मुंबईहून सोलापूरचं लुगडं मागवणारा माणूस म्हणून आपली ख्याती होणार, हे त्यांच्या लक्षात आलं. आणि गोपाळरावांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

पण कारकून हा सहजासहजी हार मानणारा प्राणी नव्हे. "आजवर किती नग पाठवलेत?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस."

पंतांनी गुलाबी पावती काढली. "मग या समोरच्या मागावर आहे ते सदतिसावं! म्हणजे हे माझं!"

नरसय्या हसला. "समजा की. तुमचंच हाय."

"मग उतरलं की मलाच द्या. परस्पर."

"आसं कसं? मालकाला शब्द दिलाय. ह्या नमुन्याचं एक बी नग सोलापुरात द्यायचं न्हाई."

"पण माझ्याकडे पावती आहे!"

नरसय्याने पावती हातात घेतली, उलटसुलट केली. "ह्यात माजं नाव हाय?"

"नाही."

"मग?"

अठरा वर्षांच्या नोकरीत पंतांनी एवढा आखूड युक्तिवाद ऐकला नव्हता. ते उठले.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. रुक्मिणीबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं, आणि मग तेही सुटलं. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, साखर पेठेवरून मी मंगळवारच्या बाजाराला जाते!" हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "निळं आहे का हिरवं?"

"उभं कुठे राहता त्यावर आहे," पंत म्हणाले.

"मी बघून येऊ?"

दुसऱ्या दिवसापासून रुक्मिणीबाई दुपारची भांडी आवरली की साखर पेठेत जायला लागल्या. नरसय्याच्या सुनांसाठी कधी मेतकूट, कधी लोणचं घेऊन जात आणि मागाजवळ बसत. रात्री पंतांना वाढताना बातमी येई. आज दीड हात झालं. आज सूत सारखं तुटत होतं. आज पदर लागला. आज पहिला मोर झाला. चौदा वर्षांत पंतांनी बायकोला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. एरवी ती बोलत नाही, की आपण कधी काही विचारत नाही, असा एक प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेला. पण आमटी गरम होती, तेव्हा तो मागे पडला.

लग्नाला सहा दिवस असताना लुगडं मागावरून उतरलं. एक दिवस वाचावा म्हणून मुंबईचा बोजा स्टेशनावर पंत स्वतः घेऊन गेले. नरसय्या बरोबर होता, पण ओझं पंतांनीच धरलं होतं. बोजात त्यांनी कंपनीला चिठ्ठी घातली, की वरून दुसरा नग क्रमांक सदतीसचा आहे, तेवढा छाप लावून उलट टपाली धाडावा.

"आत काय आहे?" पार्सलबाबूने विचारलं.

"लुगडी. एक माझं आहे."

बाबूने चष्म्यावरून त्यांच्या धोतराकडे पाहिलं. "कुठे जायचंय ते?"

"मुंबईला. म्हणजे शेवटी इथेच, सोलापुरात."

"मग गाडीत कशाला घालता?" बाबू म्हणाला. "टांगा करा की."

लुगडं मुंबईला गेलं ते गेलंच. पाचव्या दिवशी सकाळी मंद्रूपकर पतिपत्नी सर्व्हिस मोटारने टेंभुर्णीला उतरून पुढे बैलगाडीने करकंबला निघाली. रुक्मिणीबाईंच्या अंगावर जांभळं लुगडं होतं. गाडीत पंत सारखे बैलांच्या शिंगांकडे बघत होते. बायकोच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. शब्द दिला होता, तो मोडला होता, आणि खिशात पावती जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात पाय ठेवला न ठेवला तोच मथुराबाई आल्या. नवा शालू, नाकात नथ, कपाळावर घाम. त्यांनी नणंदेचा पदर दोन बोटांत धरला. "वन्सं, हे आमच्या बापूच्या मुंजीतलं ना?"

पंतांनी विड्याच्या तबकात मान घातली.

"हो, तेच," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "नवं मागावरून उतरलंय, वाटेत आहे. काय सांगू वहिनी, मी बसून विणताना बघितलं ते."

आणि त्या सांगायला लागल्या. धोटा इकडून तिकडे जाताना काठाचा रंग कसा पालटतो, मोराचा डोळा भरायला किती वेळ लागतो, सून कशी दात लावून सूत तोडते. बायका बसल्या जागेवरून सरकत सरकत जवळ आल्या. मथुराबाईंचा शालू सगळ्यांना दिसत होता, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मुहूर्त जवळ आला तरी आत्याभोवतीचा घोळका हलेना; शेवटी भटजींनी "अहो, मुलीला आणा" म्हणून हाक दिली. सख्खी आत्या मांडवाच्या मधोमध बसली होती.

संध्याकाळी वाड्यावर राबायला आलेली बजाबाई पंतांना गाठून म्हणाली, "पावनं, आमच्या लेकीचं बी नाव घाला की तितं. बाई लई ग्वाड सांगत्यात." तिच्या मागोमाग आणखी तिघींनी नोंदणीची चौकशी केली. परतीच्या वाटेवर पंतांची मान ताठ होती. वस्तू हातात नसताना इतकी मिरवता येते, हा आगाऊ नोंदणीचा मोठाच फायदा. तो जाहिरातीत छापत का नाहीत, हे त्यांना कळेना. गोपाळरावांना हे ऐकवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी गुरप्पा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला. "पार्सल हाय, बाई! कार्ड न्हाई!"

उरलेली रक्कम चुकती झाली, सुतळी सुटली. गोपाळराव चष्मा पुसत आले. गल्लीतल्या बायका आल्या. लुगड्यावर सोनेरी छाप होता आणि त्यावर शाईने सदतीस. रंग तोच, काठ तोच. रुक्मिणीबाईंनी चोळ्यांकडे पाहिलंही नाही. त्यांनी घडी मोडली, पदर मांडीवर घेतला आणि एकेका मोरावर बोट ठेवत त्या पुढे गेल्या. शेवटाला पोचल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. मग त्यांचं बोट थांबलं.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, सदतीस घातलंय त्यावर!" पंत म्हणाले. त्यांनी पावती काढून छापाशेजारी धरली. आकड्याला आकडा जुळत होता.

"ते असेल. हे माझं नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "सातव्या मोराला तुरा नव्हता. नरसय्याच्या हातून राहिला. त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो उसवायला निघाला होता. मला म्हणाला, बाई, तुमी सांगा, काढू का ठेवू? मी म्हटलं, राहू द्या, तसाच बरा दिसतोय." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, जांभळा. "लुगड्यातलं मला कोणी काही विचारलं, ते तेवढंच."

गोपाळरावांनी घसा खाकरला. "वहिनी, अहो, बिनचूक नग आलाय. कंपनीला काय सांगणार? पुरावा काय आपल्यापाशी?"

पंतांनी एकदा पावतीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "ही सांगतेय ना," ते म्हणाले.

त्यांनी लुगड्याची घडी नीट घातली, जुन्याच सुतळीने बोजा बांधला, आणि दौत पुढे ओढून फुलस्केपवर वळणदार अक्षरात लिहिलं:

"सा. न. वि. वि. आपण धाडलेले लुगडे, क्रमांक सदतीस, पोचले. ते घरच्या मंडळींनी बारकाईने तपासून पाहता त्यात कोणताही दोष आढळला नाही. सबब ते परत करीत आहोत."